मोनोचा चार्ट आला तर? नवीन मेडिकल कोडर्ससाठी बी२७ ची पायरी-पायरीने माहिती

पुण्यात, नवी मुंबईत नाहीतर घरून अमेरिकन क्लायंटचे चार्ट (पेशंटचे रेकॉर्ड) कोड करणारे जे फ्रेशर्स आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी आधी प्रायमरी केअर आणि अर्जंट केअरचे चार्ट कोड करायचे, आता ऑडिटला आहे, आणि नवीन बॅच फ्लोअरवर आली की इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिसच्या, म्हणजे मोनोच्या (आजारांच्या कोडच्या यादीतला गट बी२७), चार्टमध्ये त्याच त्याच चुका दिसतात. ट्रेनिंगमध्ये डायबेटिस, हायपरटेन्शन, फ्रॅक्चर यांच्यावर भरपूर वेळ जातो आणि इन्फेक्शनचा चॅप्टर घाईत उरकला जातो, मग असा चार्ट आला की मुलं एनकोडरमध्ये (कोड शोधायचं सॉफ्टवेअर) "मोनो" टाकतात, वर जो पहिला कोड दिसेल तो उचलतात आणि पुढचा चार्ट उघडतात. बऱ्याचदा तो कोड बरोबरही निघतो, पण तो का बरोबर आहे हे सांगता येत नाही आणि ऑडिटमध्ये तिथेच अडकायला होतं.

अजून एक. आपल्यातले बरेच जण बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ, बीफार्म करून इकडे आलेत. मेडिकल नॉलेज पक्कं आहे आणि मोनोच्या चार्टमध्ये नेमकं तेच नडतं. लॅब रिपोर्ट बघितला की आपल्याला डायग्नोसिस कळतं, आपण मनात म्हणतो हे तर सरळसरळ ईबीव्ही (मोनोचा नेहमीचा व्हायरस) आहे, आणि कोड टाकून मोकळे होतो. पण डॉक्टरने ते लिहिलंय का? कोड ठरतो तो या एका प्रश्नावर. खाली जे काही सांगितलंय ते सगळं यातूनच निघतं.

कामाला बसण्याआधी हे जवळ हवं

- त्या वर्षाचं आयसीडी-१०-सीएमचं, म्हणजे अमेरिकेत वापरतात त्या आजारांच्या कोडच्या यादीचं, पुस्तक किंवा अपडेटेड एनकोडर. वर्ष १ ऑक्टोबरला बदलतं, मधे १ एप्रिललाही बदल येऊ शकतात, आणि कोड बघायचा तो डेट ऑफ सर्व्हिसप्रमाणे, तुम्ही कोडिंग करताय त्या तारखेप्रमाणे नाही.
- ऑफिशियल गाइडलाइन्सची पीडीएफ. सीडीसी आणि सीएमएस या अमेरिकन सरकारी संस्थांच्या साइटवर फुकट मिळते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जुनी फाइल वापरू नका.
- क्लायंटची स्वतःची गाइडलाइन किंवा एसओपी (कामाची ठरलेली पद्धत). क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, पाठवता येते का, कुणाला, कशी, हे त्यातच असतं.
- पूर्ण चार्ट: प्रोव्हायडरची नोट, लॅब, ऑर्डर्स, मेडिकेशन लिस्ट, सही.
- क्वेरी टेम्प्लेट.

चार्टबद्दल डाउट आला तर स्क्रीनशॉट काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका, नाव झाकलं तरी नाही, आणि ऑनलाइन कुठल्या चॅट टूलमध्ये तर मुळीच पेस्ट करू नका. हिपा हा पेशंटची माहिती जपण्याचा अमेरिकेचा १९९६ चा कायदा आहे, आपण त्याच्या कराराखाली काम करतो, आणि यात नोकरी जाते. डाउट टीएलला, म्हणजे टीम लीडरला, विचारा.

१. आजार नेमका काय आहे ते थोडक्यात

बहुतेक वेळा एपस्टाइन-बार व्हायरसमुळे होतो, म्हणजे ईबीव्ही. थुंकीतून पसरतो, अमेरिकेत हायस्कूल-कॉलेजच्या वयात जास्त दिसतो. ताप, घसा, मानेच्या मागच्या बाजूच्या गाठी आणि प्रचंड थकवा, काहींची प्लीहा वाढते, काहींचं लिव्हर. आपल्याकडे हे इन्फेक्शन बहुतेकांना लहानपणीच होऊन जातं आणि तेव्हा काही खास लक्षणं दिसत नाहीत, म्हणून इंटर्नशिपमध्ये आपण टायफॉइड, डेंग्यू ढिगाने बघतो आणि मोनो क्वचितच. सायटोमेगालोव्हायरस, म्हणजे सीएमव्हीमुळेही असंच चित्र होतं, आणि आयसीडीमध्ये त्याचा वेगळा गट आहे.

चार्टमध्ये नावं वेगवेगळी येतात: मोनो, आयएम, ग्लँड्युलर फीव्हर, कधी फायफर्स डिसीज. एमिल फायफर या जर्मन डॉक्टरने १८८९ मध्ये या तापाचं वर्णन केलं होतं, त्यावरून ते नाव. सगळी बी२७ मध्येच जातात.

आणि "मोनो" शब्द दिसला की तो हाच मोनो असेल असं नाही. सीबीसीमध्ये (रक्तपेशींची तपासणी) "मोनो" चा कॉलम असतो तो मोनोसाइट्सचा. प्रेग्नन्सीच्या चार्टमध्ये "मोनो-डाय" म्हणजे जुळ्यांचा प्रकार. "आयएम" हे इंजेक्शनच्या रूटसाठीही लिहितात आणि इंटर्नल मेडिसिनसाठीही. वाक्य पूर्ण वाचा.

२. नोट कुठून वाचायची

आधी असेसमेंट आणि प्लॅन वाचा, मग वर जाऊन हिस्टरी आणि एक्झाम वाचा, शेवटी लॅब. नवीन लोक बरोबर उलटं करतात, आधी लॅब उघडतात, आणि एकदा का "पॉझिटिव्ह" दिसलं की पुढची नोट त्याच नजरेने वाचली जाते.

डायग्नोसिस कुणी लिहिलंय तेही बघायचं. एमडी, डीओ (दोन्ही डॉक्टरच), नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट यांचं चालतं. मेडिकल असिस्टंटने चीफ कम्प्लेंटमध्ये "पेशंट हॅज मोनो" लिहिलं असेल तर ते पेशंटने सांगितलेलं आहे, ते डायग्नोसिस नाही. प्रॉब्लेम लिस्टचंही तसंच. २०१९ चा मोनो अजून तिथे पडून असतो, सिस्टिमने आजच्या नोटमध्ये ओढून आणलेला असतो, आणि आजची व्हिजिट असते पाय मुरगळल्याची.

आता एक नोट जवळून बघू. १९ वर्षांची कॉलेज स्टुडंट, आठ दिवस ताप आणि घसा, खूप थकवा. एक्झाममध्ये टॉन्सिलवर पांढरा थर, मानेच्या मागे दोन्हीकडे गाठी, प्लीहेचं टोक हाताला लागतंय. रॅपिड स्ट्रेप (घशातल्या स्ट्रेप जंतूची झटपट टेस्ट) निगेटिव्ह, मोनोस्पॉट (मोनोची झटपट रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. असेसमेंटमध्ये डॉक्टरने लिहिलंय: इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, चार आठवडे कॉन्टॅक्ट स्पोर्ट्स बंद, दोन आठवड्यांनी परत या.

कोड एकच: बी२७.९०. तापाचा नाही, घशाचा नाही, गाठींचा नाही. प्लीहेचाही नाही. का, ते पुढच्या पायऱ्यांमध्ये येईलच.

३. आधी इंडेक्स, मग टॅब्युलर

एनकोडर असला तरी ही सवय सोडू नका. इंडेक्समध्ये "मोनोन्यूक्लिओसिस" शोधा, तिथून कोड घ्या, आणि टॅब्युलरमध्ये, म्हणजे कोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत, जाऊन खालच्या-वरच्या नोट्स वाचून खात्री करा. बी२७ ची रचना एकदा डोक्यात बसली की परत विसरणार नाही. चौथं कॅरेक्टर सांगतं व्हायरस कोणता:

- बी२७.० : गॅमाहर्पिसव्हायरल, म्हणजेच ईबीव्ही
- बी२७.१ : सीएमव्ही
- बी२७.८ : इतर ठराविक कारण
- बी२७.९ : कारण सांगितलेलं नाही

पाचवं कॅरेक्टर सांगतं कॉम्प्लिकेशन:

- ० : कॉम्प्लिकेशन नाही
- १ : पॉलिन्यूरोपथी (अनेक नसांचा आजार)
- २ : मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह)
- ९ : इतर कॉम्प्लिकेशन

चार गुणिले चार, सोळा कोड. बस एवढंच. "गॅमाहर्पिसव्हायरल" हा शब्द डॉक्टर कधीच लिहित नाही, तो "ईबीव्ही" लिहितो, आणि एनकोडरच्या लिस्टमध्ये फक्त कोडचं नाव वाचणाऱ्याला बी२७.०० ओळखूच येत नाही, तो खालच्या अनस्पेसिफाइडवर क्लिक करतो. हे मी खूपदा बघितलंय.

बी२७.० असा चार कॅरेक्टरचा कोड टाकला तर क्लेम (इन्शुरन्सकडे गेलेलं बिल) परत येणार, अमेरिकन सिस्टिममध्ये तो अपुरा आहे. नेटवर शोधलं की डब्ल्यूएचओची यादी पुढे येते आणि तिथे बी२७.० पूर्ण कोड म्हणून दिसतो, गोंधळ तिथूनच होतो.

४. व्हायरस कोणता, हे कोण ठरवणार

मोनोस्पॉट टेस्ट हेटेरोफाइल अँटिबॉडी पकडते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे कारण बहुधा ईबीव्हीच असणार हे तुम्हाला कळतं, मलाही कळतं. पण डॉक्टरने नुसतं "मोनो" लिहिलं असेल तर कोड बी२७.९०. "ईबीव्ही मोनो" किंवा "मोनो ड्यू टू एपस्टाइन-बार" लिहिलं असेल तर बी२७.००. मधलं अंतर आपण आपल्या ज्ञानाने भरायचं नाही.

सेरॉलॉजीचं, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्टचं (व्हीसीए आणि ईबीएनए या ईबीव्हीच्या दोन अँटिजेनच्या), पण हेच. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनए निगेटिव्ह म्हणजे ताजं इन्फेक्शन, व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे जुनं होऊन गेलेलं, कारण ईबीएनएच्या अँटिबॉडी लक्षणं सुरू झाल्यावर साधारण २ ते ४ महिन्यांनी येतात आणि मग आयुष्यभर राहतात. हे माहीत असणं खूप उपयोगाचं आहे, पण कशासाठी, तर क्वेरी कधी करायची ते कळण्यासाठी. डॉक्टरने "अक्यूट ईबीव्ही मोनो" लिहिलंय आणि रिपोर्ट स्पष्टपणे जुन्या इन्फेक्शनचा आहे, तर विचारायला हवं.

एक सापळा खास लक्षात ठेवा. बऱ्याच लॅब रिपोर्टच्या खाली एक छापील ओळ असते, "हे निष्कर्ष ताज्या ईबीव्ही संसर्गाशी सुसंगत आहेत" अशा अर्थाची. ती मशीनने टाकलेली कॉमेंट असते. ती इंटरप्रिटेशनसारखी दिसते म्हणून मुलं त्यावरून बी२७.०० देतात. आउटपेशंटमध्ये फिजिशियनने स्वतः इंटरप्रिट केलेल्या रिपोर्टमधलं पक्कं डायग्नोसिस घेता येतं हे खरं, पण ही ओळ फिजिशियनने लिहिलेली नाही.

उलट बाजूही आहे. मोनोस्पॉट पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते, लहान मुलांमध्ये तर अजूनच. डॉक्टरने निगेटिव्ह टेस्ट बघूनही "इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, क्लिनिकल डायग्नोसिस" असं ठामपणे लिहिलं असेल तर कोड द्यायचा. गाइडलाइनच्या सेक्शन १.ए.१९ मध्ये हे सरळ लिहिलंय, कोड प्रोव्हायडरच्या म्हणण्यावर ठरतो. टेस्ट निगेटिव्ह आहे म्हणून आपण डायग्नोसिस काढून टाकायचं नाही.

बी२७.९० हा अनस्पेसिफाइड कोड आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. माहितीच नसेल तर अनस्पेसिफाइड हाच बरोबर कोड असतो. जास्त स्पेसिफिक दिसावं म्हणून बी२७.०० टाकणं ही चूक आहे.

५. "सस्पेक्टेड", "प्रॉबेबल", "रूल आउट"

सगळ्यात जास्त एरर इथे होतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

आउटपेशंटमध्ये, म्हणजे क्लिनिक, अर्जंट केअर, इमर्जन्सी आणि ऑब्झर्व्हेशनसुद्धा, डॉक्टरने प्रॉबेबल, सस्पेक्टेड, लाइकली, रूल आउट, कन्सिस्टंट विथ, कम्पॅटिबल विथ, वर्किंग डायग्नोसिस यातलं काही लिहिलं असेल तर बी२७ द्यायचा नाही. गाइडलाइनचा सेक्शन ४.एच. मग काय द्यायचं? जे त्या दिवशी पक्कं माहीत आहे ते. डॉक्टरने अक्यूट फॅरिंजायटिस लिहिलं असेल तर जे०२.९, ताप आर५०.९, थकवा आर५३.८३, मानेच्या गाठी आर५९.०. "सोर थ्रोट" इंडेक्समधून जे०२.९ ला जातं आणि "थ्रोट पेन" आर०७.० ला, हे दोन एक समजू नका.

"कन्सिस्टंट विथ मोनो" हे वाचताना पक्कं वाटतं, पण गाइडलाइनच्या यादीत ते अनिश्चित शब्दांमध्येच आहे. "मोनो-लाइक इलनेस" पण तसंच, ते मोनो झालंय असं म्हणणं नाही.

इनपेशंटचा नियम वेगळा आहे, सेक्शन २.एच. डिस्चार्जच्या वेळी "प्रॉबेबल इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस" असंच राहिलं असेल तर तो आजार असल्यासारखा कोड करायचा. डिस्चार्ज समरीमध्ये ते यायला हवं, पहिल्या दिवशीच्या नोटमध्ये सस्पेक्टेड होतं आणि नंतर रूल आउट झालं तर द्यायचा नाही. इनपेशंटला पीओए इंडिकेटरही लागतो, म्हणजे आजार भरती होतानाच होता का ते सांगणारी खूण. मोनोचा इन्क्युबेशन पिरियड ४ ते ६ आठवड्यांचा असतो, त्यामुळे ताप घेऊन अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटचं डायग्नोसिस तिसऱ्या दिवशी झालं तरी आजार आधीपासून होताच, इंडिकेटर "वाय".

ऑब्झर्व्हेशनला ठेवलेला पेशंट वॉर्डात रात्रभर झोपलेला असतो म्हणून त्याला इनपेशंट समजतात. तो आउटपेशंट आहे. ऑर्डर बघा.

आणि सस्पेक्टेड मोनोची टेस्ट दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आली तर? चार्ट तुमच्याकडे त्यानंतर आला असेल आणि डॉक्टरने अडेंडम (नोटची पुरवणी) टाकून किंवा रिझल्ट नोटवर सही करून डायग्नोसिस पक्कं केलं असेल, तर क्लायंटची पॉलिसी बघून ते वापरा. नुसता रिझल्ट आलाय, डॉक्टर काहीच बोललेला नाही, तर लक्षणांवरच थांबायचं.

६. कोणती लक्षणं सोडायची, काय वेगळं द्यायचं

आजाराचाच भाग असलेली लक्षणं वेगळी कोड करत नाहीत. ताप, घसा, टॉन्सिल, गाठी, थकवा, सगळं मोनोमध्ये गेलं. घशाबद्दल तर टॅब्युलरमध्येच लिहून ठेवलंय, जे०२.८ खाली एक्सक्लूड्स वन (सोबत द्यायचे नाहीत असे कोड) मध्ये मोनोमुळे होणारा फॅरिंजायटिस आहे आणि तो बी२७ कडे पाठवलाय.

पण स्ट्रेपही पॉझिटिव्ह आलं आणि डॉक्टरने "मोनो आणि स्ट्रेप फॅरिंजायटिस" अशी दोन्ही डायग्नोसिस लिहिली, तर स्ट्रेप हे वेगळं इन्फेक्शन आहे, बी२७.९० सोबत जे०२.० पण द्या.

आता प्लीहा. वरच्या नोटमध्ये एक्झामला प्लीहा हाताला लागत होती, असेसमेंटमध्ये तिचा उल्लेख नव्हता. फक्त एक्झाम फाइंडिंगवरून स्प्लिनोमेगॅली कोड करत नाही, आणि त्यावरून पाचवं कॅरेक्टर ९ तर मुळीच करत नाही. मोनोमध्ये प्लीहा वाढणं नेहमीचं आहे. डॉक्टर तिला कॉम्प्लिकेशन म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. लिव्हरचं मात्र पुस्तकात स्पष्ट आहे, बी२७.०९ खाली हेपॅटोमेगॅलीचं (लिव्हर वाढण्याचं) नाव लिहिलेलं आहे, म्हणून डॉक्टरने ईबीव्ही मोनोमध्ये हेपॅटोमेगॅली लिहिली तर बी२७.०९, आणि हेपॅटोमेगॅलीचा आर१६.० वेगळा नको.

७. पाचवं कॅरेक्टर ठरवताना

मेनिंजायटिस आणि पॉलिन्यूरोपथी इंडेक्समध्ये "विथ" खाली येतात. "विथ" च्या नियमाने दोन्ही गोष्टी एकाच चार्टमध्ये असतील तर त्यांचा संबंध आहे असं क्लासिफिकेशन धरून चालतं, डॉक्टरने तसं नाही म्हटलं तरच वेगळं. मेनिंजायटिसचा कॉम्बिनेशन कोड आहे, त्याला जी०२ (दुसऱ्या इन्फेक्शनमधला मेनिंजायटिस) जोडू नका, तिथे एक्सक्लूड्स वन आहे.

पॉलिन्यूरोपथीत मात्र थांबून बघा. पेशंटला आधीपासून टाइप २ डायबेटिस आहे, डायबेटिक पॉलिन्यूरोपथी लिहिलेली आहे, आणि आता मोनो झालाय. ही पॉलिन्यूरोपथी डॉक्टरने डायबेटिसची म्हणून लिहिलीय, म्हणजे ई११.४२, आणि मोनो बी२७.९०. बी२७.९१ नाही.

"इतर कॉम्प्लिकेशन" च्या ९ साठी तो गृहीत संबंध चालत नाही. तिथे डॉक्टरने "मोनोमुळे" असं जोडून लिहायला हवं. जोडलं असेल तर ९ द्या आणि ते कॉम्प्लिकेशन काय आहे त्याचा कोड सोबत द्या, नाहीतर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. उदाहरणार्थ ईबीव्ही मोनोमुळे मार न लागता प्लीहा फाटली तर बी२७.०९ आणि डी७३.५. मार लागून फाटली असेल तर ती इंज्युरी, एस३६.०३ च्या गटात जाते. फुटबॉल खेळताना धक्का लागला का, हे हिस्टरीत नीट वाचा, कारण मोनोच्या पेशंटमध्ये हे दोन्ही होऊ शकतं.

सीएमव्हीसाठी अजून एक: डॉक्टरने सीएमव्ही मोनो लिहिलंय तर बी२७.१ चा गट. बी२५ हा सीएमव्हीचा दुसरा गट आहे आणि त्याच्या एक्सक्लूड्स वन मध्ये सीएमव्ही मोनो आहे, दोन्ही एकत्र टाकू नका.

८. अमॉक्सिसिलिनची रॅश

ही केस इतकी येते की वेगळी पायरी करावीशी वाटली. पेशंट आधी कुठेतरी घशासाठी गेला, स्ट्रेप समजून अमॉक्सिसिलिन दिलं, काही दिवसांनी अंगभर लाल पुरळ, आणि आता कळतंय की मोनो होता. मोनोमध्ये अमॉक्सिसिलिन किंवा अ‍ॅम्पिसिलिन घेतलं की असं पुरळ येतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं.

डॉक्टरने "मोनो, अमॉक्सिसिलिनमुळे जनरलाइज्ड रॅश" असं लिहिलं, औषध सांगितल्याप्रमाणेच घेतलेलं होतं, तर हा अ‍ॅडव्हर्स इफेक्ट. रॅशचा कोड एल२७.०, त्याच्यामागे औषधाचा टी३६.०एक्स५ए, आणि मोनोचा बी२७.९०. टी कोड रॅशच्या आधी येत नाही. रॅश आणि मोनो यातलं पहिलं कोणतं, ते व्हिजिट कशासाठी झाली त्यावर.

यात दोन ठिकाणी घसरतात. एक, सिस्टिममध्ये कुणीतरी अ‍ॅलर्जी लिस्टमध्ये पेनिसिलिन टाकतं आणि कोडर पेनिसिलिन-अ‍ॅलर्जीचा झेड८८.० लावतो. मोनोमधलं हे पुरळ म्हणजे पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेलच असं नाही, आणि हा शिक्का पेशंटच्या रेकॉर्डला वर्षानुवर्षं राहतो, पुढे कुठल्या गंभीर इन्फेक्शनमध्ये साधं औषध सोडून दुसरं दिलं जातं. डॉक्टरने अ‍ॅलर्जी म्हटलं नसेल तर आपण म्हणायची नाही. दोन, नोटमध्ये "रॅश, गेल्या आठवड्यात अमॉक्सिसिलिन घेतलं" एवढंच असतं. दोन वाक्यं शेजारी आहेत म्हणून संबंध लिहिला असं होत नाही. क्वेरी करा.

९. फॉलोअप, जुना मोनो, संपर्क, प्रेग्नन्सी

दोन आठवड्यांनी पेशंट परत आला, अजून थकवा आहे, मोनो चालूच आहे, तर परत बी२७. पूर्ण बरा झालाय आणि फक्त तपासायला आलाय तर झेड०९ (बरं झाल्यावरचा फॉलोअप) आणि झेड८६.१९ (आधी होऊन गेलेलं इन्फेक्शन). कोचने खेळायच्या परवानगीसाठी पाठवलंय तर व्हिजिटचं कारण काय लिहिलंय ते बघा, झेड०२.५ असू शकतो.

रूममेटला मोनो आहे, याला काही नाही, काळजीने आलाय: झेड२०.८२८.

बरेच महिने झाले आणि डॉक्टरने पोस्टव्हायरल फटीग सिंड्रोम लिहिलं तर जी९३.३१. जुना जी९३.३ १ ऑक्टोबर २०२२ पासून चालत नाही, तरी काही पाठ केलेल्या याद्यांमध्ये तो अजून फिरतोय.

प्रेग्नंट पेशंट असेल आणि डॉक्टरने प्रेग्नन्सीशी संबंध नाही असं लिहिलेलं नसेल तर ओ९८.५ चा गट ट्रायमेस्टरप्रमाणे आधी, मग बी२७, आणि आठवड्यांसाठी झेड३ए.

१०. क्लेमवर जाताना

मोनोस्पॉटचा सीपीटी (टेस्ट आणि प्रोसीजरचा कोड) ८६३०८, क्लिनिकमध्ये वेव्हर (लॅबच्या कडक नियमांतून सूट) असलेल्या किटने केली असेल तर क्यूडब्ल्यू मॉडिफायर. ईबीव्हीच्या अँटिबॉडी ८६६६३, ८६६६४ आणि ८६६६५, यात व्हीसीए म्हणजे ८६६६५. रॅपिड स्ट्रेप ८७८८०. सीएमएस-१५०० या क्लेम फॉर्मच्या २१ नंबरच्या बॉक्समध्ये १२ डायग्नोसिस बसतात, आणि २४ई मध्ये प्रत्येक लाइनला जास्तीत जास्त चार पॉइंटर (ती लाइन कोणत्या डायग्नोसिससाठी ते दाखवणारे). टेस्ट निगेटिव्ह आली आणि मोनो पक्का नाही, तर टेस्टला लक्षणांचा कोड जोडायचा. टेस्ट मोनोसाठी केली म्हणून निगेटिव्ह रिपोर्टला बी२७ जोडणं म्हणजे नसलेला आजार पेशंटच्या इन्शुरन्स रेकॉर्डला चिकटवणं आहे.

११. क्वेरी कशी लिहायची

डॉक्टरला उत्तर सुचवायचं नाही आणि पैशाचा विषय काढायचा नाही. आधी चार्टमधले पुरावे तारखेसकट, मग प्रश्न, मग पर्याय. साधारण असं:

"१२ तारखेच्या नोटमध्ये इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस असं डायग्नोसिस आहे. त्याच तारखेच्या लॅबमध्ये ईबीव्ही व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, ईबीएनए निगेटिव्ह. तुमच्या क्लिनिकल निर्णयाप्रमाणे मोनोन्यूक्लिओसिसचं कारण कृपया नोंदवावं: एपस्टाइन-बार व्हायरस / इतर, कोणतं ते लिहा / ठरवता येत नाही."

सीएमव्हीची टेस्टच झालेली नसेल तर यादी भरायला म्हणून तो पर्याय टाकू नका, चार्टमध्ये आधार असलेलेच पर्याय द्यायचे. आणि "रिपोर्टप्रमाणे हा ईबीव्ही आहे, कृपया कन्फर्म करा" ही लीडिंग क्वेरी झाली, ऑडिटमध्ये ती चालत नाही. काही आउटपेशंट क्लायंट व्हायरसच्या नावासाठी क्वेरी स्वीकारतच नाहीत, तिथे बी२७.९० देऊन पुढे जा.

अजून एक बघायचं: डॉक्टर सिस्टिममध्ये "मोनो" टाइप करतो आणि यादीतून बी२७.९० आपोआप चिकटतो, पण खाली त्याने हाताने "ईबीव्ही कन्फर्म्ड" लिहिलेलं असतं. कोड त्याच्या शब्दांवरून द्यायचा, चिकटलेल्या नंबरवरून नाही.

१२. भारतातल्या हॉस्पिटलचं काम करत असाल तर

इथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आणि कॅशलेसच्या फॉर्मवर आयसीडी-१० चा रकाना असतो, तिथे डब्ल्यूएचओची आवृत्ती वापरत असाल तर चार कॅरेक्टरच: बी२७.०, बी२७.१, बी२७.८, बी२७.९. पाचवं कॅरेक्टर हे अमेरिकन सीएममधलं. अमेरिकन प्रोसेस सोडून इथल्या हॉस्पिटलमध्ये रुजू झालेले लोक सवयीने पाच टाकतात, तेव्हा जॉइन झाल्या झाल्या कोणती आवृत्ती चालते ते विचारून घ्या.

सबमिट करायच्या आधी

डेट ऑफ सर्व्हिस आणि कोड बुकचं वर्ष जुळतंय का, सही आहे का, पाच कॅरेक्टर आहेत का, शून्याच्या जागी चुकून ओ अक्षर पडलंय का, हे बघा. आणि कॉमेंट बॉक्समध्ये एक ओळ टाकायची सवय लावा, कोड नोटच्या कुठल्या वाक्यावरून दिला ती: "असेसमेंट, पान ३, इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस, व्हायरसचा उल्लेख नाही". पुढे कधी ऑडिटरने बी२७.०० का नाही दिला असं विचारलं तर रिबटलमध्ये (ऑडिटला दिलेलं उत्तर) हीच ओळ आणि पान नंबर द्या.